कागदावरचा टॉवर आणि डोंगरावरचा टॉवर: अकरा रेडिओ साइट्सच्या तपासणीच्या नोंदी

२ फेब्रुवारी, सोमवार

नवं काम सुरू. एका संस्थेचं स्वतःचं रेडिओ जाळं आहे. अकरा साइट्स, बहुतेक ठिकाणी व्हीएचएफ रिपीटर (दूरचा सिग्नल पकडून पुन्हा जोरात सोडणारा संच) आणि एका ठिकाणाहून निघणारी ७ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह लिंक. परवान्यांची मुदत संपत आलीय. नूतनीकरणाच्या अर्जावर सही करण्याआधी त्यांना एवढंच कळून हवंय, की कागदावर लिहिलंय तेच हवेत जातंय ना.

आजचा अख्खा दिवस फाइलींत गेला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचं कलम १८ म्हणतं, की सरकारी परवान्याशिवाय कुठल्याही खाजगी व्यक्तीने किंवा संस्थेने प्रक्षेपण केंद्र उभारू नये आणि चालवू नये. हे सगळ्यांना पाठ असतं. पण परवाना म्हणजे नुसता होकार नव्हे. अमुक फ्रिक्वेन्सी, अमुक जागा, अमुक उंची, अमुक पॉवर आणि अमुक प्रकारचं प्रक्षेपण, एवढ्या सगळ्याला मिळून तो होकार असतो. त्यातलं एक बदललं की जुना होकार नव्या वस्तूला लागू होत नाही, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात राहतं.

घराबाहेर पाऊल न टाकता चार चुका सापडल्या. चार परवान्यांवर चॅनेलची रुंदी १२.५ किलोहर्ट्झ, आणि प्रक्षेपणाचा संकेत मात्र १६के०एफ३ई. हा संकेत वाचायला सोपा आहे: सुरुवातीची चार अक्षरं म्हणजे लागणारी बँडविड्थ, आणि ‘के’ दशांश चिन्हाच्या जागी बसतो. म्हणजे १६.० किलोहर्ट्झ. डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी मूळ जागेपासून किती सरकते ते) आणि आवाजातली सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी यांची बेरीज करून दुप्पट केली की हा आकडा येतो. ५ अधिक ३, दुप्पट १६. अरुंद चॅनेलसाठी अडीच अधिक ३, दुप्पट ११. तिथे ११के०एफ३ई हवं होतं. चॅनेल अरुंद केले तेव्हा कोणीतरी जुन्या अर्जातली ओळ तशीच उतरवली असणार. साडेबारा किलोहर्ट्झच्या घरात सोळा किलोहर्ट्झचा पाहुणा मावत नाही, हे अर्ज घेणाऱ्याच्याही लक्षात आलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उपकरणांचा दिवस. माझी सहकारी या कामात नवी आहे. तिला वाटलं होतं आज निघायचं. तिला सांगितलं, दुसऱ्याचं मोजण्याआधी आपलं मापून घ्यायचं.

फ्रिक्वेन्सी काउंटर उपग्रहाच्या संदर्भ घड्याळाला जोडून तासभर तापू दिला. मोजणीच्या केबल्सचा लॉस मोजून प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. वॅटमीटरचे एलिमेंट (वेगवेगळ्या पॉवरसाठी बदलून लावायचे मापक तुकडे) डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर शोषणाऱ्या भारावर, तपासले. इथे तिला एक गोष्ट दाखवली, कारण या एका गोष्टीने मी खूप अहवाल नासलेले पाहिलेत. आमच्या मीटरची अचूकता पूर्ण स्केलच्या ५ टक्के आहे, रीडिंगच्या नाही. १०० वॅटचा एलिमेंट उलटा फिरवून परतणारी पॉवर ३ वॅट दिसली, तर खरा आकडा शून्य असेल किंवा ८ असेल. परतणारी पॉवर मोजायची तर लहान एलिमेंट लावायचा. तरी लोक ‘परावर्तित ३ वॅट’ असं ठणकावून लिहितात आणि खाली सही करतात.

४ फेब्रुवारी, बुधवार. साइट १

सगळं नीट. फ्रिक्वेन्सी, डेव्हिएशन, पॉवर, उंची, सगळं कागदाबरहुकूम. परवान्याची प्रत शेल्टरमध्ये, म्हणजे संचांच्या खोलीत, नव्हती, एवढीच नोंद. अशा साइटवर लिहिण्यासारखं काही नसतं, आणि तीच चांगली साइट.

५ फेब्रुवारी, गुरुवार. साइट २ आणि ३

साइट २ चा आवाज कानालाच मोठा लागला. मोजलं तर डेव्हिएशन ४.६ किलोहर्ट्झ, १२.५ च्या चॅनेलवर अडीचच्या वर जायला नको. गेल्या वर्षी मूळ संच जळाला म्हणून कपाटातला सुटा संच बसवला होता, आणि सुट्या संचात जुनं प्रोग्रामिंग तसंच होतं. चालू संचांचं प्रोग्रामिंग बदलताना कपाट उघडायचं कोणाला सुचलं नाही. चालू जाळ्याची तपासणी सगळेच करतात. कपाटाची तपासणी कोणी करत नाही, आणि ऐन वेळी धावून येतो तो कपाटातलाच संच. आता प्रत्येक साइटवर सुटे संचही मोजायचे.

साइट ३ वर फ्रिक्वेन्सी ६१० हर्ट्झने वर सरकलेली. अट अडीच पीपीएमची (दहा लाखांत अडीच भाग), म्हणजे १६० मेगाहर्ट्झला ४०० हर्ट्झ. स्फटिक वयानुसार सरकतात. त्यात कोणाची लबाडी नसते, फक्त कोणी पाहिलेलं नसतं. बोलणं ऐकू येतं, त्यामुळे तक्रारही येत नाही.

तिथेच सहकारीने स्पेक्ट्रम ॲनालायझरवर दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल) पकडला. मुख्य सिग्नलच्या जेमतेम ५० डीबी खाली (डीबी हे पॉवरच्या गुणोत्तराचं माप, दर १० डीबीला दहापट). जमिनीवरच्या फिरत्या सेवेसाठी असा सिग्नल किती खाली हवा याचं नियमावलीच्या परिशिष्ट ३ चं सूत्र ४३ अधिक पॉवरच्या लॉगची दहापट. २५ वॅटला ते ५७ डीबी होतं. म्हणजे उघड उल्लंघन! तिने लाल पेन काढलंच होतं. मी म्हटलं, आधी मध्ये सिग्नल कमी करणारा १० डीबीचा ॲटेन्युएटर घालून बघ. मुख्य सिग्नल १० डीबीने खाली आला आणि हार्मोनिक २० ने. संचाचा हार्मोनिक असता तर तोही दहानेच उतरला असता. तो आमच्या ॲनालायझरच्याच पोटात तयार होत होता. मुख्य सिग्नल नॉच फिल्टरने दाबून पुन्हा मोजलं, ७२ डीबी. लाल पेन परत खिशात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वारा इतका, की टॉवर चढायचा प्रश्नच नव्हता. मुक्कामाच्या खोलीत बसून कालची आकडेमोड केली, आणि काल रात्री मी स्वतः लिहिलेली एक ओळ खोडली.

साइट ३ बद्दल मी ‘प्रभावी पॉवर मर्यादेपेक्षा जास्त’ असं लिहून झोपलो होतो. हिशेब असा: संच २५ वॅट, म्हणजे ४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डीबी). डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) आणि फीडर (अँटेनापर्यंत जाणारी केबल) मिळून २.८ डीबी गेले. अँटेनाचा गेन ८.१५ डीबीआय. बेरीज ४९.३५ डीबीएम, म्हणजे सुमारे ८६ वॅट. परवान्यावर ६०.

पण परवान्यावरचे ६० वॅट ईआरपी आहेत आणि मी काढले ते ईआयआरपी. ईआरपी अर्ध्या तरंगाच्या डायपोलच्या तुलनेत मोजतात, ईआयआरपी सगळीकडे सारखी पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या. दोन्हींत २.१५ डीबीचा फरक, म्हणजे १.६४ पट. ईआरपीसाठी गेन डायपोलच्या तुलनेत, म्हणजे ६ डीबीडी, धरायचा. मग ४७.२ डीबीएम, सुमारे ५२ वॅट. साइट नियमात आहे.

इतकी वर्षं हेच काम करून रात्री अकरा वाजता मीही हीच चूक करतो. सहकारीला सांगितलं. हसली नाही, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी, सोमवार. साइट ४

या साइटसाठी अर्धा दिवस ठेवला होता, पूर्ण दिवस गेला.

खालून मोजलं तर सगळं झकास. रिटर्न लॉस (परत फिरणारी पॉवर पाठवलेल्या पॉवरच्या किती खाली आहे ते, जितकं जास्त तितकं चांगलं) १७ डीबी, म्हणजे त्याच गोष्टीचं दुसरं माप, एसडब्ल्यूआर, १.३३. कोणीही टिकमार्क करून पुढे जाईल, आणि मागच्या दोन तपासण्यांत तसंच झालेलं दिसतं. पण संचाची पॉवर ४० वॅटवर ठेवलेली होती, परवाना २५ चा. साइट सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, “सर, पल्ला कमी पडतोय अशा तक्रारी यायला लागल्या, म्हणून वाढवली. तरी पूर्वीसारखं पोचत नाही.”

वाढवूनही पोचत नसेल, तर पॉवर वाटेत कुठेतरी मरतेय. टॉवर चढणाऱ्या रिगरला वर पाठवलं. अँटेनाचा जंपर (फीडर आणि अँटेना जोडणारी छोटी केबल) सोडवून फीडरच्या वरच्या टोकाला शॉर्ट लावायला सांगितलं. शॉर्टवरून सगळी पॉवर परत येते, त्यामुळे खाली दिसणारा रिटर्न लॉस हा केबलच्या जाण्या-येण्याचा लॉस असतो. ८ डीबी आला. म्हणजे एकेरी ४. या लांबीच्या फीडरला सव्वाच्या आसपास यायला हवा होता. मग त्याने वरच्या वर अँटेना मोजली. रिटर्न लॉस ९ डीबी, एसडब्ल्यूआर २.१. अँटेनाही बिघडलेली.

आता जुळलं. अँटेनाचे ९ आणि केबलचे जाण्या-येण्याचे ८, मिळून खाली १७. केबल जितकी खराब तितकं खालचं रीडिंग गोड. अँटेनावरून परत फिरलेली पॉवर खाली पोचायच्या आतच केबल गिळून टाकत होती, आणि आम्ही तिला ‘उत्तम’ शेरा देत होतो.

जंपर खाली आणून कापला तर आत हिरवी पूड आणि तांब्याच्या विणीला काळपट ओल. कनेक्टरवर नुसती काळी टेप गुंडाळलेली, आत रबरी सीलिंग टेप नाही. जंपरला खाली वाक दिलेला नाही, त्यामुळे पाणी ओघळून थेट कनेक्टरवर. रिगर म्हणाला, “हे तर नळच जोडलाय.”

तपासणीच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. केबल इतकं खात होती, की ४० वॅट टाकूनही हवेत परवान्यापेक्षा कमीच जात होतं. आज नवा फीडर ओढला आणि संच तसाच ठेवला, तर त्याच क्षणी ही साइट मर्यादा ओलांडेल. म्हणून अहवालात दोन वेगळे मुद्दे न करता एकच लिहिला: फीडर, जंपर आणि अँटेना बदलणं आणि पॉवर २५ वर आणणं, ही कामं एकाच भेटीत, एकाच माणसाने करायची. वेगवेगळ्या कंत्राटांत गेली तर मध्ये काही आठवडे बेकायदा प्रक्षेपण होईल आणि कोणालाच कळणार नाही. पल्ला सुधारला म्हणून उलट सगळे खूश असतील.

१० फेब्रुवारी, मंगळवार. साइट ५

परवान्यावरचे अक्षांश फोनच्या नकाशात टाकून बघितले. टॉवर २७ किलोमीटर उत्तरेला असायला हवा. आम्ही त्याच्या पायाशी उभे.

थोड्या वेळाने उलगडा झाला. खरे अक्षांश अंशाच्या पुढे ३६ मिनिटं १८ सेकंद. अर्जात दशांशात लिहायचे होते, तर कोणीतरी मधल्या खुणा काढून अंशापुढे टिंब देऊन ३६१८ लिहिलं. मिनिटं साठांची असतात. ३६ मिनिटं १८ सेकंद म्हणजे दशांशात ०.६०५. फरक ०.२४३ अंश, आणि एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटर. पण इथे तर खरी जागा कागदाच्या उत्तरेला यायला हवी. सहकारीने विचारलं, “सर, मग टॉवर उत्तरेला कसा?” बरोबर होतं तिचं. मी टॉवर कुठे असायला हवा ते उलटं वाचलं होतं. कागदावरची जागा दक्षिणेला आहे. वरची ओळ खोडत नाही. नोंदवहीत चूक दिसलेली बरी.

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुसऱ्या कोणाला हीच फ्रिक्वेन्सी द्यायची का, हे परवाना देणारं खातं या आकड्यांवरून गणित करून ठरवतं. सत्तावीस किलोमीटर दक्षिणेला, जिथे काही नाही, तिथे आमचं संरक्षण चाललंय. जिथे आम्ही खरोखर आहोत तिथे खात्याच्या लेखी रान मोकळं आहे. उद्या शेजारी कोणाला तीच फ्रिक्वेन्सी मिळाली, तर भांडायला गेल्यावर आपणच चुकीच्या जागी उभे असल्याचं निघेल.

उंचीचाही तोच गोंधळ, उलट्या अंगाने. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या रकान्यात अँटेनाची जमिनीपासूनची उंची भरलीय. डोंगरमाथ्यावरचा रिपीटर कागदावर ३० मीटरवर.

११ फेब्रुवारी, बुधवार. साइट ६

जागेच्या आकड्यांत साइट ५ सारखीच चूक, अगदी तशीच. हे नुसतं योगायोगाने होत नाही. कुठून आलं ते शोधायला हवं.

अँटेनाची दिशा परवान्यापेक्षा १४ अंश फिरलेली वाटली. टॉवरजवळ उभं राहून होकायंत्राने घेतलेलं रीडिंग होतं. लोखंडाच्या सावलीत होकायंत्र काय वाटेल ते सांगतं. शंभरेक मीटर दूर जाऊन, दोन बिंदूंचे उपग्रहावरून आकडे घेऊन खऱ्या उत्तरेपासून दिशा काढली. फरक ३ अंश. एवढ्या रुंद झोताच्या अँटेनाला चालतं.

१२ आणि १३ फेब्रुवारी. साइट ७

सामाईक डोंगर. चार टॉवर, त्यातल्या दोघांवर एफएम प्रसारण, बाकी आमच्यासारखे अनेक. फाटकात शिरतानाच छातीवरचे आरएफ मॉनिटर चालू केले.

चढण्याआधीचा हिशेब वहीत मांडून ठेवतो. आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक मर्यादेत ३० ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये सर्वसामान्य लोकांसाठी दर चौरस मीटरला २ वॅट आणि प्रशिक्षित कामगारांसाठी १०, पूर्ण शरीरासाठी ३० मिनिटांची सरासरी. ईआयआरपीला ४π गुणिले अंतराच्या वर्गाने भागलं की घनता मिळते. १०० वॅट ईआयआरपी असेल तर २ मीटरवर २ वॅटची मर्यादा गाठली जाते. आमच्या रिपीटरची भीती तेवढीच. पण १० किलोवॅट ईआरपीच्या एफएमला तोच हिशेब लावला तर २५ मीटर. टॉवरवर २५ मीटर म्हणजे अर्धा टॉवर. अगदी जवळ हे सूत्र अंदाजापुरतंच चालतं, तरी त्या पट्ट्यात कोणाला पाठवायचं नाही एवढं कळायला पुरतं. प्रसारकाशी बोलून पहाटे पॉवर कमी करायची वेळ लेखी घेतली. तोंडी ‘हो, करतो’ यावर मी माणूस वर पाठवत नाही.

आता मूळ दुखणं. इथल्या रिपीटरचा रिसीव्हर १५७.९०० मेगाहर्ट्झवर आणि ट्रान्समीटर १६२.४०० वर. मधूनमधून रिसीव्हर बहिरा होतो. कधी तासभर काही नाही, कधी सतत खरखर. संस्थेच्या फाइलीत यावर तीन वर्षांच्या तक्रारी आहेत आणि उपाय म्हणून दोनदा रिसीव्हर बदललाय.

डोंगरावरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी लिहून काढल्या आणि जोड्या लावत बसलो. शेजारच्या शेल्टरमधला एक ट्रान्समीटर १६०.१५० वर आहे. त्याची दुप्पट ३२०.३००, त्यातून आमचे १६२.४०० वजा. १५७.९००. बरोब्बर आमच्या कानात.

पण कागदावर जुळलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे. हे मिश्रण तीन ठिकाणी होऊ शकतं: आमच्या रिसीव्हरमध्ये, कुठल्यातरी ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात, किंवा बाहेर कुठेतरी लोखंडात. रिसीव्हरच्या तोंडाशी ३ डीबीचा ॲटेन्युएटर घातला. मिश्रण रिसीव्हरमध्ये होत असतं तर खरखर ९ डीबीने उतरली असती. तीनच उतरली. म्हणजे ती बाहेरून तयार होऊनच येतेय आणि बदललेले दोन्ही रिसीव्हर निर्दोष होते. शेजाऱ्यांनी मोठ्या मनाने कपाट उघडून दाखवलं. आयसोलेटर (बाहेरचा सिग्नल ट्रान्समीटरमध्ये उलटा शिरू न देणारा भाग) दोन टप्प्यांचा, जागेवर, चांगल्या स्थितीत. आमच्याकडेही तसाच.

मग वाऱ्याने मदत केली. दुपारी वारा सुटला आणि ॲनालायझरवरची रेघ थरथरायला लागली. झुळूक आली की वर, गेली की खाली. संचाला वारा लागत नाही. रिगर लाकडी दांडा घेऊन चढला आणि एकेका जोडावर हलकेच ठोकत गेला. मी खाली कानाला हेडफोन लावून. क्लॅम्प, काही नाही. ब्रॅकेट, काही नाही. शिडीचा जोड, काही नाही. मग एकदम कडकडाट. वॉकीटॉकीवर मी ओरडलोच, “दादा, तेच परत!”

एक मोडकी अँटेना. केबल कापलेली, क्लॅम्पचे बोल्ट गंजून तांबूस. गंजाचा पातळ थर दोन धातूंमध्ये आला की तो डायोडसारखा वागतो: दोन जोरकस सिग्नल त्यावर पडले की तिसरा तयार. तीन वर्षांची तक्रार एका बोल्टमध्ये.

ही अँटेना कोणाची? मला वाटलं जुन्या कोणा भाडेकरूची. संध्याकाळी फाइल चाळताना सापडली. आमच्याच ग्राहक संस्थेची आहे. तो परवाना त्यांनी तीन वर्षांपूर्वी परत केला आणि सोबत लिहून दिलं: ‘सर्व सामग्री उतरवण्यात आली आहे.’ संच उतरवला होता. वर चढून अँटेना काढायची कोणी तसदी घेतली नाही. तक्रारींची तारीख आणि त्या पत्राची तारीख यांत दोन महिन्यांचं अंतर आहे. केबल कापून मोकळं टोक लोंबत ठेवल्यापासूनच हे सुरू झालं, असं मी खात्रीने म्हणणार नाही. पण दोन्ही तारखा अहवालात शेजारी शेजारी लिहिल्यात.

१६ फेब्रुवारी, सोमवार. साइट ८

मायक्रोवेव्ह. लिंक ठणठणीत, सिग्नल आराखड्याच्या २ डीबी आत. परवान्यावर उभं ध्रुवीकरण (लहरी उभ्या दिशेत कंप पावतात ते), दोन्ही डिश मात्र आडव्या लावलेल्या. एका टोकाला फीड (डिशमध्ये लहरी सोडणारा भाग) ९० अंशांत फिरवून बसवला, सिग्नल मिळेना म्हणून दुसऱ्या टोकानेही फिरवून घेतला, आणि मग सगळे खूश. एकाच टोकाला चूक असती तर तीसेक डीबी पडले असते आणि त्याच दिवशी कळलं असतं. दोन्ही टोकांची चूक एकमेकींना मिळाल्यामुळे कळायला आम्ही यावं लागलं. त्याच चॅनेलवर आडव्या ध्रुवीकरणाचा परवाना जवळ दुसऱ्या कोणाकडे असू शकतो, तेव्हा हे ‘चालतंय ना’ म्हणून सोडता येणार नाही.

मधल्या टेकडीवरची झाडं वाढताहेत. २० किलोमीटरच्या मार्गाच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल वलयाची (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या साडेचौदा मीटर. तिच्या ६० टक्के, म्हणजे पावणेनऊ मीटर तरी मोकळे हवेत. अजून आहेत. दोन वर्षांनी नसतील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. साइट ९ आणि १०

साइट ९: जागेच्या आकड्यांत तीच चूक, तिसऱ्यांदा. टॉवरचा वरचा लाल दिवा बंद. केव्हापासून, कोणालाच माहीत नाही. विमानांचा प्रश्न आहे, म्हणून अहवालाची वाट न पाहता आजच फोन केला. साइट १०: अर्थिंग १८ ओम, दहाच्या आत हवं. जोड सैल होता, घट्ट केल्यावर ७. बॅटरीच्या खोलीचा वायुवीजनाचा झरोका कोणीतरी पुठ्ठ्याने बुजवलाय, धूळ येते म्हणून. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पुठ्ठा काढून सोबत आणला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. साइट ११

पूर्ण तपासणीत परवानाच नसलेलं प्रक्षेपण सापडलं ते हे एकच.

यादीतला रिपीटर नियमात आहे. पण शेल्टरच्या कोपऱ्यात, कापडाखाली, दुसरा संच चालू दिसला. त्याची फ्रिक्वेन्सी कुठल्याच परवान्यावर नाही. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कामासाठी ‘तात्पुरता’ लावला होता. काम संपलं, संच राहिला, आणि आता रात्रपाळीची माणसं त्यावरच बोलतात.

बंद करायला सांगितलं. तिथला जुना ऑपरेटर कळवळून म्हणाला, “साहेब, बंद केला तर रात्री खोऱ्यात कोणी अडकलं तर बोलायचं कसं?” प्रश्न खरा होता. त्याला उत्तर न देता स्विच ओढणं मला जमलं नसतं. सहकारीने साइट १० वरून खोऱ्यात हँडसेट घेऊन फेरी मारली. एक वळण सोडलं तर सगळीकडे आवाज स्वच्छ. त्या वळणासाठी रात्रपाळीच्या गाडीत जास्त उंचीची अँटेना लावायची, ती गाडी परवान्यात आहेच. हे ठरल्यावर ऑपरेटरने स्वतः हाताने संच बंद केला. मी त्याचा क्रमांक, वेळ आणि अँटेना सोडवल्याचा फोटो नोंदवला.

संस्थेच्या अधिकाऱ्यांनी फोनवर सुचवलं, की हा मुद्दा अहवालात ‘निरीक्षण’ म्हणून घालता येईल का. नाही येणार. सापडला कसा, बंद कधी झाला आणि पर्याय काय दिला, हे सगळं त्यांच्या बाजूने जाईल असं लिहीन. पण तो उल्लंघनाच्याच रकान्यात राहील.

२३ फेब्रुवारी, सोमवार

साइट ५, ६ आणि ९ च्या चुकीच्या आकड्यांचा माग लागला. तिन्ही अर्ज एकाच एक्सेल शीटवरून भरलेत. शीटमध्ये अंश-मिनिट-सेकंद टाकले की शेजारच्या रकान्यात दशांश येतात. सूत्र तीन आकडे नुसते चिकटवतं, साठाने भागत नाही. बाकी साइट्सचे अर्ज हाताने भरले म्हणून वाचले.

शीटच्या पहिल्या पानावर बनवणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. माझी. काही वर्षांपूर्वी या संस्थेला एका छोट्या कामात मदत म्हणून दिली होती. तेव्हा ते सूत्र घाईत लिहिलं होतं आणि ‘नंतर नीट करू’ म्हणून सोडलं होतं. आठवलं नाही असं म्हणावंसं वाटलं, पण रकान्यांचे रंगसुद्धा माझेच आहेत.

संस्थेला आज पत्र पाठवलं. शीट माझी आहे, चूक माझी आहे, तीन परवान्यांच्या दुरुस्तीचे अर्ज मी विनामोबदला तयार करून देतो, आणि तपासणारा व चूक करणारा एकच असल्याने या तीन साइट्सची जागा दुसऱ्या कोणाकडून पुन्हा मोजून घ्या. सहकारीला विचारलं, पत्रात काही राहिलं का. ती म्हणाली, “सर, ही शीट अजून कोणाकोणाला दिली होती?” ते राहिलं होतं. चार नावं आठवली. चौघांना कळवलं.

२ मार्च, सोमवार

साइट ४: नवा फीडर, नवे जंपर, नवी अँटेना, सगळं एकाच भेटीत. शॉर्ट लावून केबलचा रिटर्न लॉस २.५ डीबी, म्हणजे एकेरी सव्वा. अँटेना वरच्या वर २१ डीबी. संच २५ वॅट. तंत्रज्ञाने दूरच्या गावातून हाक दिली, ती स्वच्छ आली. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने पॅनेलवरचा आकडा दोनदा वाचून घेतला.

साइट ७: मोडकी अँटेना आणि तिचा क्लॅम्प उतरवला. दोन्ही ट्रान्समीटर एकाच वेळी दाबून धरले, वारा चांगला होता. १५७.९०० वर काही नाही. जुन्या परवान्याच्या फाइलीत उतरवल्याची आजची तारीख आणि फोटो लावायला सांगितला. तीन वर्षांपूर्वीचं पत्र काढून टाकू का, असं विचारत होते. दोन्ही राहू द्या म्हटलं.

साइट ८ चं ध्रुवीकरण अजून बाकी. दोन्ही टोकांना एकाच वेळी माणूस हवा, लिंक तेवढा वेळ बंद राहील, आणि त्या वेळेला मंजुरी मिळालेली नाही. मुद्दा उघडा ठेवलाय.